फळ्यावरचा उद्या

"लिहितो का? त्या बाबाच्या डोळ्यादेखत?" नाग्यानं खडू पुढं केला. "आहे का दम?"

"काय लिहू?"

"उद्या सकाळी सुट्टी. सगळ्यांना सोडणार."

"आणि लिहिलं तर?"

"तर सुटेपर्यंत तुझं ताट मी घासणार."

सुटेपर्यंत म्हणजे किती दिवस, ते त्यालाही माहीत नव्हतं, मलाही नाही. तरी मी खडू घेतला. एवढा मी शहाणा.

लॉकडाऊन लागल्यावर पुण्याहून टेम्पोत बसून आलो आम्ही. गावानं वेशीवरच अडवलं आणि शाळेत कोंडलं. चौदा दिवस म्हणाले. चौदा झाले. मग दुसरा टेम्पो आला, ती माणसं आमच्यातच घातली, आणि मोजणी पुन्हा एकपासून. तिसरा टेम्पो कधी येईल, देवाला ठाऊक.

रतनगिर बाबा आमच्याच टेम्पोत होते. गोसावी माणूस, हातात चिमटा. ना गाव ना घर, तरी कोंडले आमच्याबरोबर.

त्यांनी पहिल्याच दिवशी एक रीत पाडली. शाळेत असतं तसं, सकाळी व्हरांड्यातल्या फळ्यावर वार आणि तारीख टाकायची. बाबांना अक्षर येत नव्हतं. मी सातवीत शाळा सोडलेली, पण माझं अक्षर बरं.

"लखन, लिही," म्हणायचे. मी लिहायचो.

कुणी विचारलं, "बाबा, अजून किती दिवस?" तर उत्तर ठरलेलं.

"फळ्यावर बघ."

फळ्यावर नुसती आजची तारीख. मला लय हसू यायचं.

तर त्या शनिवारी दुपारी मी तारीख पुसली आणि लिहिलं. 'उद्या सकाळी सुट्टी. सर्वांना सोडणार.' बाबा तिथंच खांबाला टेकून बसलेले.

"काय लिहिलं रं?"

"तारीखच, बाबा."

"कोणती?"

"चांगली आहे."

बाबा हसले. म्हणाले, "झ्याक."

खांबामागं नाग्या तोंडात टॉवेल कोंबून हसत होता.

बाकीच्यांनी वाचलं आणि व्हरांड्यात नुसता कल्ला. "कुणी सांगितलं?" तर मी ठोकून दिलं, "निवृत्तीमामानं." निवृत्तीमामा म्हणजे गावचा कोतवाल. दोन वेळा जेवणाचे डबे तोच आणायचा.

आमच्यात अयोध्याताई होती. पुण्यात चार घरची धुणीभांडी करायची. तिची तनू, चार वर्षांची, गावात आजीपाशी. रोज संध्याकाळी आजी तिला फाटकापाशी आणायची. दहा पावलांवर दोरी बांधलेली, तिच्या अलीकडं यायचं नाही.

"आई, कधी येती?"

"येते गं बाई. लवकर."

त्या शनिवारी ताई फाटकाचे गज धरून ओरडली, "तने, उद्या येते! सकाळीच!"

तनू दोरीपाशी उड्या मारत होती. मी बघत होतो. तेव्हा बोलायला पाहिजे होतं...

नाही बोललो.

रविवारी उजाडायच्या आत ताईनं न्हाऊन, पिशवी भरून तयारी केली. तनू आली ती नवा फ्रॉक घालून, चपचपीत तेल लावून. आजीच्या एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरतुकडा. लेक घरी येणार, तर उंबऱ्यापर्यंत थांबायचं कशाला. दोरीपाशीच ओवाळून टाकू म्हणाली.

फाटक उघडलं नाही.

निवृत्तीमामा डबे घेऊन आला. "कसली सुट्टी? मला नाही काही हुकूम."

दुपारपर्यंत उभ्या होत्या तिघी. मग आजीनं तो भाकरतुकडा तसाच रस्त्याकडेला टाकला आणि पोरीला उचलून गेली. तनू रडत नव्हती. मागं वळूनसुद्धा बघत नव्हती.

संध्याकाळी फाटकापाशी आजी एकटीच आली.

"येत नाही म्हणती. आई खोटं बोलती म्हणती."

त्या रात्री माणसांनी निवृत्तीमामाला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. कुणीतरी डब्याचं झाकण फेकून मारलं. मामा कपाळ चोळत म्हणत होता, "अरे, मी कशाला सांगू? मी कशाला सांगू?"

नाग्या माझ्याकडं बघत नव्हता. माझं ताट मात्र घासून ठेवलेलं.

सोमवारी सकाळी मी फडकं घेऊन फळ्यापाशी गेलो.

"ऱ्हाऊ दे," बाबा म्हणाले.

"बाबा, तारीख टाकायची."

"कोणाची?"

"आजची."

"आज कुठं उजाडलाय? फळ्यावर अजून उद्याच हाय."

मी फडकं तसंच धरून उभा.

मंगळवारीही तेच. "ऱ्हाऊ दे." येता-जाता माझंच अक्षर मला दिसायचं. तारीख नाही म्हणून वार चुकायला लागले. एक म्हणे सोमवार, दुसरा म्हणे बुधवार. त्यावरून दोघं एकमेकांची गचांडी धरून भांडले. अयोध्याताई जेवत नव्हती. पिशवी तशीच भरलेली, उशाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती बाबांपुढं येऊन बसली.

"बाबा, एकदाचं सांगा, किती दिवस? शंभर म्हणा. पण सांगा."

बाबांनी चिमटा बाजूला ठेवला.

"पन्नास? महिना?..."

बाबांनी खडू उचलला आणि माझ्यापुढं धरला.

"हिला आकडा लिहून दे."

सगळे बघायला लागले. मी फळ्यापुढं उभा राहिलो. हात वर गेला आणि तिथंच राहिला.

"मला माहीत नाही, बाबा."

"शनिवारी?"

"शनिवारीही माहीत नव्हतं."

मी खडू खाली ठेवला. ताईकडं वळलो.

"मामानं सांगितलं नव्हतं," मी म्हणालो. "मीच लिहिलं. नाग्याशी पैज होती. बाबांना वाचता येत नाही म्हणून त्यांच्यासमोरच लिहिलं."

"कशाची पैज?" ताईनं विचारलं.

"...ताट घासायची."

वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"ताटासाठी?" एवढंच म्हणाली.

संध्याकाळी मामा डबे घेऊन आला. मी दहा पावलांवरूनच वाकून नमस्कार केला, सगळं सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला, टेंगूळ होतं तिथं. म्हणाला, "मला काय सांगतो? पोरीला सांग." आणि जाऊन आजीला नि तनूला घेऊन आला.

तनू आजीच्या पदरामागं. मी गज धरले.

"तनू, तुझी आई खोटं नाही बोलली. मी खोटं लिहिलं, आईनं ते खरं धरलं."

एक डोळा पदराबाहेर आला.

"मग आई कधी येती?"

मी मागं बाबांकडं बघितलं. बाबा चिमट्यानं पाठ खाजवत होते.

"मला माहीत नाही गं," मी म्हणालो. "इथं कुणालाच माहीत नाही."

तनू पदरामागून बाहेर आली. मग माझ्याशी नाही, आईशी बोलली.

"मग मी उद्या इथं येऊ?"

ताईनं नुसती मान हलवली.

मी व्हरांड्यात परत आलो. बाबांनी फडकं माझ्याकडं टाकलं. मी फळा पुसला, कोपऱ्यापर्यंत.

"वार कोणता आज?"

"बुधवार, बाबा. पण संपत आला."

"उरलाय तेवढा लिही."