राणोजीने शिवलेला एकुलता एक जेरबंद

थोरले सरकार गेले आणि तरुण सरकार गादीवर आले. वर्षाच्या आत ते दरबारात गरजले, "आमच्याविरुद्ध बोलणारे सातही पाटील जेरबंद केले! राणोजी, शब्द तुमच्या धंद्यातला. सांगा अर्थ."

खोगीर-लगाम शिवणाऱ्या म्हाताऱ्या राणोजी जिनगराला थोरल्या सरकारांची पागा आठवली.

"घोड्यानं मान उडवू नये म्हणून पोटाखालच्या तंगापासून तोंडापर्यंत बांधायचा पट्टा, सरकार. थोरल्या सरकारांची मांड पक्की, त्यांच्या चाळीस घोड्यांपैकी एकालाही तो लागला नाही. उभ्या जन्मात मी एकच जेरबंद शिवला."

"कुणासाठी?"

"आपल्यासाठी. आपण तेव्हा घोड्यावर बसायला शिकत होता."

सरकारांनी तुरुंगाच्या किल्ल्या मागवल्या. दिवेलागणीला सातही पाटील आपापल्या घरी जेवत होते.