ताडपत्री

वाहनं आपसात बोलत होती, तेव्हाची ही गोष्ट. हैबतरावांच्या अंगणात एक जीप होती. शेजारी, ताडपत्रीखाली, जीपच्या मागे बांधून न्यायचं चाकांवरचं एक जुनं घर वीस वर्षं पडून होतं.

एका उन्हाळ्यात हैबतरावांनी ताडपत्री काढली. चाकांचा मोडका आस बदलला, गंज घासला, पोचे ठोकून काढले, निळा रंग चढवला. त्यांच्या पत्नी कृष्णाबाईंनी खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे शिवले. जीपचा नुसता जळफळाट झाला.

"रोज राबायचं मी, आणि लाड या खटाऱ्याचे!"

"लाड कसले, बाई?" घर म्हणालं. "माझा आस मोडला तेव्हा मालक म्हणाले होते, सवडीनं करू. ती सवड मिळायला वीस वर्षं लागली."

जीपला ते खोटंच वाटलं. आपण बिघडलो तर आपलंही असंच कौतुक होईल, हे मात्र तिच्या मनात पक्कं बसलं.

दसऱ्याला दोघांना झेंडूचे हार घातले, नारळ फुटला. घर मागे जोडून हैबतरावांनी किल्ली फिरवली. जीप मुद्दाम खोकली आणि बंद पडली. लगेच बॉनेट उघडलं, सगळे भोवती जमले. जीप सुखावली.

"आज सीमोल्लंघन चुकवायचं नाही," हैबतराव म्हणाले. "शेजारच्या रावजींचा ट्रॅक्टर आणतो."

ट्रॅक्टर आला, घर त्याला जोडलं.

"आणि हिचं काय हो?" कृष्णाबाईंनी विचारलं.

"हिलाही अशीच नवी करू की. सवडीनं."

असं म्हणून त्यांनी कोपऱ्यातली ताडपत्री झटकली आणि जीपवर नीट पांघरली.