नारिंगाला पाणी घालू नका

पूर्वी गोदावरीच्या काठच्या एका नगरात कोणी एक राजा राज्य करीत होता. त्याचे नाव या कथेत लागत नाही. त्या काळी बोधिसत्त्व सोमिल नावाचा व्यापारी होऊन जन्मला होता. नगराजवळच्या एका गावी तो राहत असे आणि दर हिवाळ्यात बैलांच्या तांड्याबरोबर समुद्राकडे जाऊन मीठ आणत असे. स्वभावाने तो शांत होता. हे आधीच सांगून ठेवलेले बरे, कारण पुढे जे घडले त्यात शांत राहणे सोपे नव्हते.

त्या नगराची ख्याती आग्रहासाठी होती. पाहुणा पानावर बसला आणि 'नको' म्हणाला, की वाढणाऱ्याला हुरूप येई. पुन्हा 'नको' म्हणाला तर तो लाजाळू समजावा, आणि तरीही म्हणत राहिला तर नक्की भुकेला. पोट धरून उठलेला पाहुणा ही यजमानाची शोभा मानली जाई. ज्याला खरोखरच नको असेल त्याने काय म्हणावे, याची सोय त्या नगरात कोणी करून ठेवली नव्हती.

सोमिलाची धाकटी बहीण वसुला याच नगरात दिली होती. तिचा नवरा वारल्यावर तिचे दोन मुलगे, थोरला नागदत्त आणि धाकटा शिवघोष, वेगळे झाले. घराच्या मधोमध भिंत आली, चुली दोन झाल्या. वाटणीत दोनच गोष्टी सामाईक राहिल्या: परसातले नारिंगाचे झाड आणि मागच्या पडवीत खाटेला खिळलेली आई. झाडाचे आणि आईचे हाल तिथूनच सुरू झाले.

झाड वसुलेच्या माहेरचे होते. तिच्या लग्नानंतर सोमिलानेच त्याचे रोप ओल्या फडक्यात गुंडाळून आणून दिले होते. हातपाय धड होते तोवर वसुला त्याची देखभाल स्वतः करी, आणि माहेरी तिचा बाप करी तशीच करी. मार्गशीर्ष लागला की झाडाचे पाणी तोडायचे. पाने मलूल होऊन गळू लागली तरी मन घट्ट करायचे. नारिंगाला असा ताण दिला नाही, तर ते नुसती पाने वाढवत बसते, फुलत नाही. माघात पुन्हा पाणी दिले की फाल्गुनात झाड पांढऱ्या फुलांनी भरून जाई आणि वास गल्लीच्या टोकापर्यंत पोचे.

वसुलेने खाट धरली आणि झाड मुलांच्या हाती आले. त्यानंतर ते एकदाही फुलले नाही.

मुले वाईट होती का? वाईट असती तर बरे झाले असते, निदान दुर्लक्ष तरी केले असते. नागदत्त रोज सकाळी आईच्या झाडाला घागर भरून पाणी घाली. शिवघोष भिंतीआडून ते पाही आणि दोन घागरी घाली. थोरल्याने शेणखत टाकले की धाकटा त्यावर ताक ओती. मग थोरल्याला ताकात गूळ कालवायची बुद्धी होई. आईचेही तेच. एका घरची पेज तोंडाला लागते न लागते तोच दुसऱ्या घरची येई. दोघांनी दोन वैद्य लावले होते आणि दोन्ही वैद्यांचे काढे एकाच पोटात जात होते. वसुला म्हणे, "नको रे बाळांनो." मुले हसून म्हणत, "आईचा स्वभावच संकोची," आणि आणखी एक पळी वाढत.

त्या वर्षी मार्गशीर्षात, तांडा निघायच्या आधी, सोमिल बहिणीला भेटायला आला. पडवीत जाता जाता तो झाडाजवळ थांबला. बुंध्यातून डिंक वाहत होता. भोवतालच्या चिखलाला कुजका वास येत होता. फांद्यांमधून सरळसोट, काटेरी पानसोट वर गेले होते, ज्यांना फळ कधी धरत नाही. सोमिलाने कपाळाला हात लावला.

"दादा, तूच ना?" आतून वसुला म्हणाली. तिची नजर गेली होती, पण पावलांवरून तिने ओळखले.

"मीच. कशी आहेस?"

"पोट भरलंय. सदा भरलेलंच असतं." ती म्हणाली. "डोळे गेले, तोंडाला चव राहिली नाही. नाक तेवढं धड आहे. मरायच्या आधी एकदा ते झाड फुललेलं हुंगायचंय मला, दादा. दुसरं काही नको."

"मुलांना सांगितलंस?"

"सांगून सांगून जीभ झिजली. पाणी तोडा म्हणते, तर म्हणतात, आई, तू काळजी करू नकोस, आम्ही भरपूर घालतो."

सोमिलाने भाच्यांना बोलावले आणि ताण म्हणजे काय ते समजावून सांगितले. दोघांनी माना डोलावल्या. मामा म्हणतात ते अगदी खरे, असे दोघेही म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ये रे माझ्या मागल्या. झाडाखाली पुन्हा चिखल!

"अगदी थोडंसं घातलं, मामा," नागदत्त म्हणाला. "झाड माझ्याकडे बघत होतं."

"दादानं घातलं," शिवघोष म्हणाला, "मग मी घातलं नाही तर आईला काय वाटेल?"

इतक्यात शिवघोषाची बायको तांदळाचे धुवण घेऊन आली आणि ते सगळ्यांदेखत बुंध्याशी ओतून मोकळी झाली. सोमिलाने डोळे वटारले, तेव्हा ती म्हणाली, "हे काही पाणी नव्हे, मामा. हे धुवण आहे."

सोमिलाने पुन्हा समजावले. त्यांनी पुन्हा माना डोलावल्या. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. घड्यावरचे पाणी निदान वाया तरी जाते, हे सगळे नारिंगाच्या मुळाशी जात होते.

त्याच दिवशी तांड्याचा निरोप आला, की उद्या पहाटे निघतो. वर्षाचा सगळा व्यापार त्या एका फेरीवर होता. पण आपण वेशीबाहेर पडलो की मागे घागरी येणार, हे सोमिलाला स्वच्छ दिसत होते. त्याला वैताग आला. इतका, की त्याने डोक्यावरचे पागोटे काढून खाटेवर आपटले. मग पडवीत निजलेल्या बहिणीकडे पाहिले, पागोटे उचलून नीट बांधले आणि निरोप्याला सांगितले, "तांड्याला म्हणावं जा. मी येत नाही."

मामा निघणार म्हणून नागदत्ताने उंची शाल आणली होती. ते पाहून शिवघोषाने दोन आणल्या. "घ्यायलाच हव्यात, मामा," दोघे म्हणाले.

"घेतो," सोमिल म्हणाला, "पण शाल नाही. माघ संपेपर्यंत हे परस मला द्या. इथं माझी खाट राहील आणि माझाच शब्द चालेल."

पाहुण्याने तोंडाने मागितलेले नाकारणे त्या नगरात महापाप होते. दोघांनी परस दिले, आणि देताक्षणी दोघांना पस्तावा झाला.

सोमिलाने बुंध्याभोवतीची माती उकरून मुळांना ऊन लागू दिले. डिंक खरवडून तिथे गेरू लावला, पानसोट छाटले आणि झाडाखाली खाट टाकून बसला. दुपारी शिवघोष आला.

"मामा, हे एवढंच एक भांडं."

सोमिल भांडला नाही. "आण इकडे, पितो मी," असे म्हणून त्याने ते भांडे शेवटच्या थेंबापर्यंत रिकामे केले. पाहुणा पाणी मागतो आहे म्हटल्यावर भाचा काय करणार? थोड्या वेळाने नागदत्त त्याहून मोठे भांडे घेऊन आला. सोमिल तेही प्यायला. असे रोज चालले. पौषातली थंडी, नदीचे गार पाणी, आणि भाच्यांची भांडी दिवसेंदिवस मोठी होत चाललेली. बोधिसत्त्वाने एका जन्मात देह दिला, एका जन्मात राज्य दिले, अशा कथा आहेत. या जन्मात तो मुख्यतः पाणी प्यायला.

झाडाची पाने आधी मलूल झाली, मग पिवळी पडली, मग गळू लागली. ते पाहून घरात भिंत आल्यापासून प्रथमच दोन्ही भावांचे एकमत झाले. मामाने झाड मारले, असे दोघेही सांगत सुटले. तांडा चुकल्यामुळे म्हाताऱ्याचे डोके फिरले आहे, असे गल्लीतले लोक बोलू लागले. इकडे वसुलाही खंगत चालली होती. कशावरही एकमत न होणारे दोन्ही वैद्य एवढ्यावर मात्र एक झाले, की ही आता उन्हाळा पाहत नाही.

"आई वाळक्या काटक्यांशेजारी मरणार," नागदत्त म्हणाला. तो खरोखर रडत होता. "मामा, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?"

हे सोमिलाला लागले. त्यालाही खात्री उरली नव्हती. कुजलेल्या मुळांना हा ताण सोसेल की नाही, कोण सांगणार? बहिणीची एकच इच्छा, आणि तीच आपल्या हातून मातीत जाते की काय, या भीतीने तो आत गेला. हातात झाडाची एक बारीक काटकी होती. ती त्याने वसुलेच्या हाती दिली.

"वसू, तुलाच विचारतो. पाणी सोडू का?"

वसुलेने काटकीची साल नखाने खरवडली, नाकाशी धरली, पुन्हा खरवडली. "आत ओल आहे अजून," ती म्हणाली. "आत्ता नको, दादा."

"बरं," सोमिल म्हणाला आणि तिच्या पायथ्याशी बसून राहिला.

वसुलेच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. सोमिल घाबरला. "काय झालं? दुखतंय का कुठं?"

"नाही रे. मी नको म्हटलं, आणि तू बरं म्हणालास. किती वर्षांनी कुणी तसं म्हणालं."

दारात दोन्ही मुलगे दोन वाट्या पेज घेऊन उभे होते. त्यांनी ते ऐकले. मग नागदत्त पुढे झाला. "आई, ही पेज..."

"नको, नागा."

'अगं, दोन घोट तरी' हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आलेले सगळ्यांना दिसले. त्याने ते गिळले. "बरं," तो म्हणाला आणि वाटी मागे घेतली. शिवघोषाने आपली वाटी खाली ठेवली. त्या दिवशी संध्याकाळी वसुलेला भूक लागली. तिने आपण होऊन पेज मागितली आणि वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली. दोन्ही सुना आपापल्या स्वयंपाकघराच्या दारातून पाहत राहिल्या.

माघात एका सकाळी तिने पुन्हा काटकी मागवली, खरवडली आणि म्हणाली, "आता." पाणी मुलांनी घातले. ती पडवीतून पाण्याचा आवाज ऐकत होती. "पुरे," ती म्हणाली, आणि घागर अर्धी भरलेली असताना दोघांचे हात थांबले. सोमिलाने पाहिले, की हे थांबणे त्यांना जड जात होते, तरी ते थांबले. पुढच्या खेपेला तिने थोडे जास्त घालायला सांगितले. हळूहळू काटक्यांवर कोवळे कोंब आले, कोंबांत कळ्या आल्या, आणि फाल्गुनात नारिंग फुलले.

वास पडवीत शिरला तेव्हा वसुला झोपेत होती. ती जागी झाली. कितीतरी वेळ ती नुसता श्वास घेत राहिली. मग म्हणाली, "दादा, बाबांच्या मळ्यात आल्यासारखं वाटतंय." सोमिलाने तिचा हात धरला. नागदत्त एका बाजूला बसला, शिवघोष दुसऱ्या. कोणी काही आणले नाही. बहर ओसरण्याच्या आत वसुला गेली, शांतपणे गेली.

घरातली भिंत काही पडली नाही. एका झाडाकडून किती अपेक्षा करायची? पण दर मार्गशीर्षात दोघे भाऊ झाडाचे पाणी तोडत, आणि दुसरा चोरून घालत तर नाही ना, म्हणून एकमेकांवर पहारा ठेवत.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली ती विहारात, वृद्ध भिक्षू वरुणक आजारी होते तेव्हा, त्यांच्या कोठडीच्या दारात उभे राहून. भद्रजित आणि पुष्यक हे दोन तरुण भिक्षू त्यांच्या सेवेत अशी चढाओढ करीत होते, की वरुणकांना पहाटेपासून डोळा मिटता आला नव्हता. दोघांच्याही हातांत पेजेची पात्रे होती. "तेव्हाचा नागदत्त म्हणजे आजचा भद्रजित," शास्ते म्हणाले, "तेव्हाचा शिवघोष म्हणजे हा पुष्यक. वसुला म्हणजे हे वरुणक, आणि सोमिल मामा मीच होतो."

दोघांनी माना खाली घातल्या. भद्रजिताने हळूच विचारले, "भगवन्, आमचा तेव्हा राग आला असेल ना?"

"राग आला नाही," शास्ते म्हणाले. "वैताग मात्र फार आला. ते भांडे तुमच्या अंगावर रिकामे करावे आणि तांड्याच्या मागे पळत सुटावे, असे मला रोज दुपारी वाटे. रोज दुपारी मी पाणी प्यायलो आणि तिथेच बसलो. त्याला क्षांती म्हणतात."

आतून वरुणकांच्या घोरण्याचा आवाज येऊ लागला होता. शास्त्यांनी दार अलगद ओढून घेतले.