धाकूची बिनदाराची खोप

फार वर्षं झाली त्याला. घाटात तेव्हा गाडीरस्ता नव्हता. डोंगराच्या धारेवरून जाणारी एकच पायवाट होती. ज्याला कोकणातून वर देशावर जायचं असेल, त्याने पाठीवर बोचकं बांधायचं आणि मुकाट चालू लागायचं. चांगली कित्येक दिवसांची चाल होती ती. मिठाचे, बांगड्यांचे, तांब्यापितळेचे बोजे घेऊन माणसं त्या वाटेने जात. मुक्कामाला मध्ये मध्ये दगडी खोपी होत्या. चार भिंती, वर गवताचं शाकारणं, मध्ये आगटी आणि पुढे फळ्यांचं दार, एवढीच खोप. पण आषाढात दिवसभर भिजलेल्या माणसाला विचारा, त्याला ती वाड्याहून मोठी वाटायची.

सगळ्यात उंचावरची खोप थोरल्या पठारावर होती. ती धाकू आखाडे सांभाळायचा. धाकू गवळी धनगर, उंच, हाडांचा, आणि बोलायला कातळासारखा. पठारावर झाड म्हणून नाही, म्हणून त्या खोपीचा नियम होता की वर येणाऱ्याने खालच्या रानातून एकेक लाकूड घेऊन यायचं. माणूस दारात आला की धाकू रामराम नंतर करी, आधी विचारी, "लाकूड आणलं का?" एकदा म्हणे कोणी बडा सरदार घोड्यावरून आला, तर त्यालाही धाकूने माघारी धाडलं. सरदार चरफडत खाली गेला, घामाघूम होऊन ओंडका घेऊन आला आणि मग गरीब गाईसारखा आगटीपाशी बसला.

पण लाकूड नुसतं जाळायला नव्हतं. त्या वाटेवर माणसं मरत. कोणी धुक्यात कड्यावरून जाई, कोणी गारठून बसल्या जागी संपे. अशी माणसं वाट सोडत नाहीत, असं म्हणतात. धुकं दाटलं की ती चालणाऱ्यांच्या मागे मागे येतात, ओळखीच्या आवाजात नाव घेऊन हाक मारतात, दारात उभी राहून आत घ्या म्हणतात. त्यांना रिते म्हणत. रित्याला सगळं जमतं, फक्त ओझं उचलता येत नाही. साधी काटकीही त्याच्या हातात ठरत नाही. म्हणून लाकूड दाखवेल तो जिवंत, आणि हात रिकामे असतील त्याला दार उघडायचं नाही.

धाकूच्या बापाने एकदा उघडलं होतं. लोक सांगत की कोणी बाई रडत होती म्हणून त्याने तिला आत घेतलं, आणि उजाडल्यावर पाहिलं तर आगटी विझलेली आणि खोपीतली सगळी माणसं थंडगार. बापाचं प्रेत धाकूनेच उचललं होतं. मला विचाराल तर त्या दिवशी लाकूड संपलं असेल, दुसरं काय. पण बाप गेलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

धाकूला बायको नव्हती, ती कधीच वारली होती. एक लेक होती, कोंडी. तिला खाली कोकणात दिली होती. एवढा कडक माणूस, पण लेकीचं नाव निघालं की त्याचा आवाज मऊ व्हायचा. त्या साली जेठात धाकूला ताप भरला. आठवडाभर तो खोपीत एकटाच पडून होता. मग ताप उतरला, धाकू पुन्हा कामाला लागला. पण वाटेवरून गेलेल्या कोणा मीठवाल्याने खाली कोंडीच्या गावात सांगितलं, तुझा बाप काही वाचत नाही. ताप उतरल्याचं सांगायला मात्र कोणी गेलं नाही. वाईट बातमीला पाय असतात तसे चांगलीला नसतात, हे आपलं नेहमीचंच.

कोंडी एकटी निघाली.

त्या दिवशी पठारावर असं धुकं उतरलं की भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटायला लागलं. खोपीत माणसं होती. भागा कासार बांगड्यांची पेटी घेऊन आला होता, त्याच्याबरोबर काही मिठाचे हमाल होते, आणि एक बाळंतीण तान्हं पोर पोटाशी धरून नवऱ्याबरोबर माहेराहून परत चालली होती. सगळ्यांनी लाकडं आणली होती. पण ती ओली होती. धूर फार आणि ऊब थोडी. धाकू फुंकून फुंकून दमला होता. ही एवढी माणसं, हे तान्हं पोर, सगळे आपल्या भरवशावर आहेत, हे त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

तेवढ्यात बाहेर हाक आली.

"बाबा! म्या कोंडी हाय. दार उघड."

धाकू आगटीपासून उठला. कोंडी इथे कशी येईल? तिचं माहेरपण दिवाळीला. त्याने दाराच्या फटीला डोळा लावला. धुक्यात एक आकृती उभी होती, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत पानांच्या इरल्याखाली झाकलेली. पुढे दोन हात दिसत होते. ते रिकामे होते.

"लाकूड दाव," धाकू म्हणाला.

"हाय की, बाबा. पाठीला बांधलंय, इरल्याखाली."

"मंग काढून दाव."

पठारावर वारा इतका की बायका इरलं उडू नये म्हणून कमरेशी दोरीने आवळून घेत. पावसाने ती दोरी फुगली होती. कोंडी गाठीशी झटत राहिली, पण गारठ्याने तिची बोटं लाकडासारखी झाली होती.

"गाठ सुटंना, बाबा. बोटंच वळंनात."

आत भागा कासार उठला. "धाकूमामा, अहो पोरीचाच आवाज आहे हा! तिच्या हातातल्या बांगड्या ऐका. तिच्या लग्नात मी भरलेल्या आहेत."

"त्येंच्या बी वाजत्यात," धाकू म्हणाला. "त्येंच्याकडं बी समदं असतं. आवाज असतो, बांगड्या असत्यात. माझ्या बापाला बी असंच वाटलं हुतं."

"आणि खरीच असली तर?"

धाकूने बाळंतिणीच्या पोराकडे पाहिलं. मग तो दाराला पाठ लावून बसला. बाहेरून बराच वेळ हाका येत राहिल्या. आधी "दार उघड" अशा. मग नुसतं "बाबा, तू बरा हायस नव्हं?" असं. धाकूने कानांवर हात घेतले. पोटची लेक दारात उभी आणि बाप कानात बोटं घालून बसलेला, असं कोणाच्या नशिबी येऊ नये. हळूहळू आवाज थांबला.

उजाडल्यावर धुकं विरलं आणि धाकूने दार उघडलं. कोंडी उंबऱ्याला टेकून बसली होती. बसल्या जागीच ती गेली होती. धाकूने दातांनी ती गाठ सोडली आणि इरलं बाजूला केलं. पाठीवर लाकडांची छान मोळी होती. बाप आजारी, वर ओली लाकडं, म्हणून तिने घरातली सुकी लाकडं आणली होती आणि सगळ्या डोंगरात तेवढीच कोरडी राहिली होती.

धाकू रडला नाही, असं म्हणतात. त्याने कुऱ्हाड घेतली आणि खोपीचं दार फोडलं. कोंडीची लाकडं आगटीत घातली, वर दाराच्या फळ्या घातल्या. अशी आग त्या खोपीत कधी पेटली नव्हती. मग तो उघड्या चौकटीत उभा राहिला आणि पठाराकडे तोंड करून ओरडला, "या! समदे या! ज्याचं हात रिकामं आसतील त्येनं बी या!"

भागा कासार पुढे म्हातारपणापर्यंत ते सांगत असे. म्हणे धुकं पुन्हा दाटत आलं आणि चौकटीतून आत शिरलं. मग आगटीभोवती बसलेल्यांच्या पाठीमागे कोणी कोणी येऊन बसायला लागलं. दिसलं कोणीच नाही, पण ओल्या घोंगड्यांचा वास आला आणि भुईवर पाण्याचे ओघळ दिसायला लागले. बाळंतिणीने पोराला घट्ट धरलं. सगळ्यांना वाटलं, आता आग विझणार आणि आपणही संपणार. पण आग विझली नाही. जे आले होते ते नुसते शेकत बसले. भागाच्या कानामागे कोणी तरी सुस्कारा सोडला, दिवसभर चाललेला माणूस ओझं उतरवून सोडतो तसा. धाकू एकेकाच्या तोंडाकडे बघत फिरत होता. त्याला दिसत असावेत. त्यातली एक त्याला सापडली की नाही, ते त्याने कधी सांगितलं नाही.

त्यानंतर धाकू खोपीत थांबेना. धुकं उतरलं की तो वाटेवर जाई, गारठलेल्या माणसांना गाठून त्यांच्या पाठीवरच्या दोऱ्या आपल्या हाताने सोडी. एका आषाढात तो असाच बाहेर गेला आणि परत आला नाही. कड्याखाली शोधलं, ओढ्यात शोधलं, काही मिळालं नाही.

खोप अजून आहे. गाववाले दर वर्षी ती शाकारतात, पण दार बसवत नाहीत. आता त्या धारेवरून शहरातली पोरंपोरी मोठाल्या सॅक पाठीला लावून जातात, खोपीत मुक्काम करतात. त्यांना कोणी काही सांगत नाही. पण कधी कधी एखादी पोरगी खाली गावात आल्यावर विचारते, काल धुक्यात माझ्या सॅकचा पट्टा मागून कोणी सोडला? बरोबरचे तर सगळे पुढे होते. म्हातारी माणसं तिला चहा देतात आणि विषय बदलतात.

आणि पठाराखालच्या वाड्यांतून एक रीत आहे. पावसाळ्यात लेक माहेरी आली की तिच्या इरल्याची गाठ बापाने सोडायची, उंबऱ्याबाहेर जाऊन, भिजत. आता इरली गेली, रेनकोट आले. तरी बाप बाहेर येतो. त्याला ती चेन नीट उघडता येत नाही, बोटं वळत नाहीत, चष्म्यावर पाणी साचतं. लेक म्हणते, "बाबा, मी काढते की. तुम्ही आत व्हा, भिजताय." तो काही ऐकत नाही. मग तीही हात खाली सोडून उभी राहते.