उलटा बसवलेला दगड

शाळा लवकर सुटली, म्हणून शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. मी गवंडी आहे, शब्द साधेच येतात.

फार वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका खेड्यात चर्चची जुनी कमान पाडून मनोरा बांधला. कमानीतला पक्षी कोरलेला दगड गवंड्यांनी पायथ्याशी, नक्षी आत वळवून बसवला.

शिखरावरचा नवा दगड हसला, "आजोबा, तुमची नुसती पाठच दिसते की!"

"बाळा, आत पक्षी आहे, एवढं कुणाला तरी सांग."

"सांगितलं तर मला कोण बघेल?"

मनोरा अजून त्याच आजोबांवर उभा आहे.

हे लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या भिंतीत मी एक जुना दगड नक्षी बाहेर ठेवून बसवला. मुकादमानं तो माझ्याच हातानं उलटा करायला लावला. मी केला.