सरव्याची भाकर

मला आधी एक सांगा. दुकानात दोन माणसं कामाला आहेत. एक जण तोलताना तराजूच्या काट्याकडे बघतो, दुसरा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे. तुम्ही दोन दिवस परगावी निघालात, तर गल्ल्याची किल्ली कुणाच्या हातात द्याल?

लगेच उत्तर देऊ नका. तोंडाकडे बघणारा माणूस फार गोड असतो. आमच्या पेठेत असा एक अडत्या होता. तुमच्या घरच्या म्हशीचीसुद्धा ख्यालीखुशाली विचारायचा, आणि गिऱ्हाईक म्हशीचं सांगता सांगता माप बघायचं विसरून जायचं. तेव्हा आधी ही गोष्ट ऐका, मग किल्लीचं ठरवा.

फार जुनी गोष्ट. ज्वारीच्या मुलखात एक लहानसं ख्रिस्ती गाव होतं. काळी रानं, मध्ये ओढा आणि ओढ्याकाठी पांढऱ्या भिंतींचं देऊळ. ज्वारी निघाली की तिथे हंगामाचा सण व्हायचा. त्या रविवारी प्रत्येक घर आपल्या रानातलं पहिलं पीक डोक्यावर घेऊन देवळात यायचं. कुणी ज्वारी, कुणी हरभरा, कुणी भोपळा, कुणाच्या काखेत पाय बांधलेली कोंबडी. प्रार्थना चालू असताना मध्येच कोंबडी ओरडायची, तर पाळकसाहेब म्हणायचे, तीही उपकार मानतेय, मानू द्या.

पण त्या सणाचा मान या राशीला नव्हता. मान होता एका भाकरीला.

ती भाकर व्हायची सरव्याची. सरवा म्हणजे कापणी करताना हातातून निसटलेली, धसकटांत पडून राहिलेली कणसं. ती मालकाने उचलायची नाहीत, असा त्या गावाचा रिवाज. ती गावातल्या विधवांची आणि निराधारांची. त्या बायका रानोरान फिरून सरवा वेचायच्या. त्यातलं पोटापुरतं घरी न्यायच्या आणि प्रत्येक रानातलं मूठभर सणासाठी बाजूला काढायच्या. साऱ्या रानांतलं धान्य एकत्र दळून एक मोठी भाकर थापायची. सणाच्या दिवशी ती पुढे आणायची, कुठल्या कुठल्या रानातलं त्यात आहे ते नावानिशी सांगायचं, आणि प्रत्येक नावाला सगळ्या मंडळीने म्हणायचं, "उपकार, प्रभू, उपकार." मग ती भाकर मोडून घासघास सगळ्यांनी खायची.

राशीची ज्वारी का नाही, असं एका पाहुण्याने विचारलं होतं म्हणे. पाळकसाहेब म्हणाले, "राशीतलं तुम्ही मोजून देता. हातातून सांडलेलं कोण मोजतं? ते फक्त देव मोजतो."

हे नावं घेण्याचं काम सलोमीमावशीकडे होतं. थकलेली विधवा बाई, मागेपुढे कुणी नाही, सोबतीला एक शेळी. गावातला मोठा शेतकरी नथानेलराव, त्याच्या बांधावर तिची खोप. तिच्या तोंडी सरवा न मिळालेल्या रानाचं नाव कधी आलं नाही आणि मिळालेल्या रानाचं कधी गळलं नाही. म्हणून गावाने ते काम तिला दिलं होतं.

आता हा नथानेलराव. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. त्या वर्षी पावसाळ्यात त्याची बायको मार्था तापाने अंथरुणाला खिळली. वैद्याने हात टेकले होते. ती वाचली. हिंडू-फिरू लागली, चुलीपुढे बसून नवऱ्याला बोलायलाही लागली. नथानेलरावाला इतकं भरून आलं, की त्याने ठरवलं, यंदा सणाला देवापुढे अशी रास घालायची, की देवळात तशी कधी पडलेली नसेल.

पण पाऊस कमी झालेला. कणीस भरलं नाही. खळ्यावर मळणी झाली तेव्हा रास त्याच्या मनातल्या राशीपेक्षा बरीच बुटकी निघाली.

मग त्याने काय केलं असेल? मजूर बायका लावल्या आणि धसकट न् धसकट चाळून पडलेलं कणीस न् कणीस वेचून घेतलं. सलोमीमावशी नेहमीसारखी ओचा खोचून बांधावर आली, तर तो हात जोडून पुढे गेला.

"मावशी, औंदा काही नाही. सगळं देवालाच द्यायचंय."

मावशीने रानाकडे बघितलं, वाकलेल्या बायकांकडे बघितलं. "बरं दादा," म्हणाली आणि परत फिरली.

त्याला वाटलं, आपण देवाची बाजू घेतली. अशी चूक भाविक माणूसच करू शकतो. लबाड माणसाच्या हातून ती होत नाही, कारण त्याला मुळात देवाला काही द्यायचंच नसतं.

सणाच्या आदल्या दिवशी पोती गाडीत भरता भरता त्याच्या लक्षात आलं, की उद्या भाकर पुढे येईल, नावं घेतली जातील आणि त्यात आपल्या रानाचं नाव नसेल. सगळ्यांत उंच रास आपली, आणि भाकरीत आपला दाणा नाही. त्याने सुपात निवडक ज्वारी घेतली आणि दुपारीच मावशीची खोप गाठली.

मावशी जात्यापाशी बसली होती. त्याने सूप पुढे ठेवलं आणि म्हणाला, हे दळणात घाल आणि उद्या माझ्या रानाचं नाव घे. मावशीने दाणे हातात घेऊन पाहिले. ज्वारी मोत्यासारखी होती, तसं ती म्हणालीही. मग दाणे परत सुपात सोडले.

"दादा, हे मापातलं आहे. हा सरवा नाही."

"पिठात काय कळतंय? कोण बघायला येणार?"

"पिठात नाही कळायचं. नाव घेताना मला कळंल ना."

 नथानेलराव खोपीच्या कुडाच्या भिंतीकडे बघत, आवाज न चढवता म्हणाला, "मावशी, तू माझ्या बांधावर राहतेस. मी कधी काही मागितलं नाही. उद्या भर देवळात माझं नाव गाळलंस, तर या बांधावर तुझं काय काम?"

सूप तिथेच ठेवून तो गेला.

म्हातारी बसून राहिली. दुसरी जागा नव्हती. शेळी घेऊन उतारवयात कुणाच्या दारात उभं राहायचं? एक नाव घेतलं की प्रश्न मिटत होता. एका नावाने कुणाचं काय बिघडणार होतं? तुम्ही-आम्ही घेतलंही असतं आणि त्याला समजूतदारपणा म्हटलं असतं.

मावशीने जातं झाकलं आणि त्याचंच रान गाठलं. खोटं बोलायचं नव्हतं आणि खोपही सोडवत नव्हती, म्हणून एखादं तरी कणीस मिळतंय का ते बघायला निघाली. पण वेचणाऱ्या बायकांनी आपलं काम चोख केलं होतं. रान झाडलेल्या अंगणासारखं दिसत होतं. दिवस कलला. परत फिरताना बांधाच्या कडेला तिचा पाय भुसभुशीत मातीत रुतला. बघते तर उंदराचं बीळ, आणि तोंडाशी कणसं. हात घालून चाचपलं, तर आत उंदराने पुढच्या दिवसांसाठी नीट रचून ठेवलेली.

मावशीने ओचा पुढे केला, चांगली ओंजळभर कणसं काढली. मग थांबली आणि त्यातली निम्मी परत आत सरकवली. बीळही मातीने होतं तसं करून ठेवलं.

रविवारी देऊळ फुलून गेलं. नथानेलरावाची रास टेबलापुढे इतकी उंच, की मागच्या बाकांवरून पाळकसाहेबांची नुसती पगडी दिसत होती. लोक वळून वळून बघत होते, आणि लोक बघताहेत हे नथानेलराव न बघता बघत होता. शेजारच्या बायकांच्या रांगेत मार्था बसली होती.

सलोमीमावशी भाकर घेऊन आली. डोक्यावर भाकरीची पाटी, हातात ते सूप. सूप तिने नथानेलरावाच्या राशीला टेकवून ठेवलं, जसं आलं होतं तसं भरलेलं. मग एकेक नाव घेऊ लागली. ओढ्याकडचं रान. सुताराचं रान. पाळकसाहेबांचा वाफा. प्रत्येक नावाला मंडळी म्हणत होती, "उपकार, प्रभू, उपकार."

नथानेलरावाने मान खाली घातली होती. मावशी थांबली, तिने पदर सारखा केला.

"आणि नथानेलदादांच्या रानातली ही कणसं. माणसांनी काही ठेवलं नव्हतं. उंदरानं साठवलं होतं, त्यातलं घेतलं. निम्मं त्याला राखलं."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. कुणी म्हणालं, आता उंदराचंही नाव देवळाच्या वहीत घाला. मग तेही हसू विझलं, कारण आता मंडळीने उपकार म्हणायची पाळी होती आणि उपकार कुणाचे म्हणायचे हे कुणाला कळेना.

तेव्हा बायकांच्या रांगेतून एकच आवाज आला. तो मार्थाचा होता.

"उपकार, प्रभू, उपकार."

तिच्यामागून हळूहळू सगळे म्हणाले.  भाकर मोडली. नथानेलरावाच्या वाट्याचा घास त्याच्या हातात आला आणि तसाच राहिला.

घरी जाताना गाडीत तो म्हणाला, "म्हातारीनं भर देवळात माझी फजिती केली."

मार्था म्हणाली, तिने तर तुमचं नाव घेतलं, तुम्हाला तेच हवं होतं. मग बैलांकडे बघतच ती पुढे बोलली.

"अहो, मी तापात होते तेव्हा माझ्या डोक्यावर ओल्या पट्ट्या कोण ठेवत होतं? देव काय खाली उतरून आला होता? त्यानं सलोमीमावशीला पाठवलं. तुम्ही मात्र तिच्या ओच्यातलं काढून त्याला द्यायला निघालात."

नथानेलरावाने गाडी थांबवली. हातातला घास तोंडात टाकला, सावकाश चावला. मग कासरा बायकोच्या हातात देऊन बांधाच्या वाटेने चालू लागला.

खोपीपाशी आला, तर मावशीने बोचकं बांधलं होतं. जात्याची खालची जड तळी कशी न्यायची याच्या विवंचनेत ती उभी होती. शेळीचं दावं हातात होतं.

"कुठं निघालीस मावशी?"

"तुम्हीच तर म्हणालात दादा. बांध तुमचा आहे."

 त्याने तिच्या हातातून दावं घेतलं आणि शेळी परत खुंट्याला बांधली. गाठ नीट बसेना. ते बघून मावशीच म्हणाली, "सोडा, मी बांधते. तुमच्या गाठीनं सुटून जाईल ती."

मग दोघंही हसले. त्याने बोचकं उचलून आत ठेवलं. म्हणाला, "मावशी, मार्थासाठी तू जागलीस, ते मी विसरलो. तुझे उपकार मानायचे राहूनच गेले." मावशी म्हणाली, "आता मानलेत की. बसा, ताक घेऊन जा."

पुढच्या हंगामाला नथानेलराव स्वतः कापणीला उभा राहिला, मूठ सैल ठेवून. मजूर म्हणायचे, "मालक, सांडतंय," तर म्हणायचा, "सांडू दे." खोपीभोवतीची ज्वारी त्याने उभीच राखली, आणि नांगर बांधाजवळ आला की एका बिळाला वळसा घालून जायचा. पोरं त्याला उंदराचं रान म्हणायची. तोही म्हणू द्यायचा. त्याची रास त्या वर्षी कमी उंच होती, पाळकसाहेब सगळ्यांना दिसले. भाकरीत मात्र त्याच्या रानाचं पीठ सगळ्यांत जास्त होतं.

आता किल्लीचं बोला. सलोमीमावशीच्या तराजूत एका पारड्यात तिची स्वतःची खोप होती, तरी तिची नजर काट्यावरून हलली नाही. माझी किल्ली तिच्याकडे. आणि ज्याने चुकलेलं माप कळल्यावर शेळी परत खुंट्याला बांधली, त्याला माल उधार द्यायलाही माझी हरकत नाही.

या गोष्टीचं तात्पर्य: देवाने ज्यांच्या हातून आपल्याला दिलं, त्यांचे हात रिकामे करून देवापुढे रास घालता येत नाही. कृतज्ञता सैल मुठीतून खाली पडते, आणि ती तशी पडू द्यावी.

एक विनंती करतो. आज जेवायला बसाल तेव्हा मनातल्या मनात आपला हिशेब मांडा. ताटातलं काय काय कुणाकुणाच्या हातून आलं, ते एकेक नाव घेऊन जमेला लिहा. कुणाचं गाळू नका, नसलेलं घालू नका. आणि एखादा उंदीर निघाला, तर त्याचंही नाव लिहा.