घागरीचा झेंडा

बेलदार गल्लीने आपला झेंडा ठरवायला बसावं आणि महिनाभर भांडावं, यात नवल ते काय? कुणाला वाघ हवा, कुणाला पिंपळ. शेवटी सगळेच थकले आणि निळ्या कापडावर आडवी पडलेली रिकामी घागर आली. ती तेवढी घरोघरी होती.

झेंडा चढवायला नगरसेवक दिगंबरराव आले आणि घागर बघून भडकले. "ही माझी बदनामी आहे! माझा फोटो छापा, नाहीतर झेंड्याला परवानगी नाही."

पुन्हा भांडायचं त्राण कुणात होतं? ओट्यावर टेकलेल्या चंद्रभागाकाकूच बोलल्या.

"छापू की, भाऊ. पण खांब टँकरच्या जागेवर आहे. रोज पहाटे आम्ही बायका इथे ताटकळतो. टँकर आला नाही, की वर बघून तोंडाला येईल ते बोलतो. आजवर ते आभाळाने ऐकून घेतलं. उद्यापासून वर तुम्ही असाल."

दिगंबररावांनी खांबाकडे पाहिलं, मग खाली रांगेत मांडलेल्या कळशांकडे.

"घागरच राहू द्या."

झेंडा चढला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. टँकर अजून यायचाच होता.